आमच्या मसणवट्यांची एक यादी करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, बीड
मा. जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख, बीड
आणि जिल्ह्यातल्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य



उन्हाळ्याची नांगरट सुरू व्हायच्या आत हे पत्र आपल्या हाती पडावं, अशी इच्छा आहे. रानं मोकळी असतात, जेसीबी भाड्याने मिळतो. बांध सरळ करून घेणं, उंचवटे काढणं, दगड वेचून ओढ्यात लोटणं ही कामं याच दिवसांत होतात. गावोगावच्या जुन्या समाध्या, कबरी आणि माती दिलेल्या जागाही याच दिवसांत नाहीशा होतात. कुणी वैर धरून मोडतं असं फारसं घडत नाही. तिथं काय आहे हे मोडणाऱ्याला बहुतेकदा ठाऊकच नसतं, कारण ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. माझं मागणं एवढंच आहे की ते लिहून ठेवा. बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांतल्या दफनभूमींची, शेतातल्या समाध्यांची आणि ओस पडलेल्या मसणवट्यांची गावनिहाय यादी करा आणि ती महसुली दप्तरात चढवा.

समाधीचं मोल या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची आहे. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला तिथं कर्नाटकातूनही दिंड्या येतात. आष्टी तालुक्यात सावरगावला मायंबा, पाटोदा तालुक्यात गहिनीनाथ गड, बीड शहरात शहेनशाह वलींचा दर्गा. आपल्याकडचं राजकारणसुद्धा गडांना वळसा घालून पुढे जात नाही, आणि गड म्हणजे शेवटी कुणातरी साधुपुरुषाला माती दिलेली जागा. संतांच्या समाधीसाठी रस्ते होतात, भक्तनिवास होतात, निधी येतो. ते व्हायलाच हवं. पण ज्या कुणब्यांनी, पाटलांनी, जंगमांनी, फकिरांनी, गोसाव्यांनी ही गावं वसवली, त्यांच्या समाध्यांना आज वाली उरलेला नाही.

बालाघाटावरची आणि गंगथडीची गावं एकदा वसली आणि तशीच राहिली, असं कधी झालं नाही. दुष्काळ पडला, फौज येऊन गेली, पटकी आली, की गाव उठायचं. १६३० च्या दुष्काळाने तर दख्खनचा मोठा मुलूख ओस पाडला. मग सरकारातून कौल निघायचा. पहिली काही वर्षं सारा हलका, पुढे दरसाल चढता, असा इस्तावा ठरायचा, आणि कुठून तरी चार घरं संसार बांधून यायची. आड खणायचा, मारुती बसवायचा, पडीक रान मोडायचं. निजामशाही, मोगलाई आणि पुढे हैदराबादच्या निजामाची सव्वादोनशे वर्षं, या सगळ्या राजवटींत हे वसणं-उठणं चालूच होतं. शेजारच्या पुणे-नगर भागातल्या जुन्या गावकागदांत जमिनीच्या थळांना त्या-त्या मूळ घराण्यांची नावं आहेत आणि वंश खुंटला असेल तर पुढे गतकूळ असा शेरा आहे. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात याबद्दल तपशिलाने लिहून ठेवलं. म्हणजे घराणं संपलं तरी कागदावर त्याचं नाव राहत होतं. आज घराणं हयात आहे, नातवंडं पुण्याला आणि संभाजीनगरला नोकरीत आहेत, पण मूळ पुरुषाला माती कुठं दिली ते कागदावर नाही.

शहरातल्या माणसांना वाटतं की कब्रस्तान मुसलमानांचं आणि बाकी सगळ्यांचं दहन. आपल्या जिल्ह्यात तसं नाही. लिंगायत पुरतात. गोसावी आणि नाथजोगी पुरतात. महानुभाव पुरतात. ख्रिस्ती पुरतात. भटक्या-विमुक्तांतल्या कितीतरी जमाती पुरतात. आणि तान्हं मूल गेलं तर दहन करणाऱ्या घरांतही त्याला मातीच देतात, बहुधा स्वतःच्याच रानात, एखाद्या लिंबाखाली. गावाची दफनभूमी वेगळी असली तरी जमीनदार घरं आपल्या माणसाला आपल्याच वावरात ठेवत आली. त्यामुळे जिल्ह्यातल्या मसणवट्यांचा मोठा हिस्सा सार्वजनिक जागेवर नाहीच. तो खासगी सातबाऱ्यांच्या पोटात आहे. प्रशासनाच्या नजरेतून तो सुटला, त्याचं हे पहिलं कारण.

आमच्याकडे, म्हणजे लिंगायतांत, माती देताना माणसाला आडवं ठेवत नाहीत. खड्ड्यात बसतं करतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, अंगाला विभूती लावतात, बेलाची पानं टाकतात, मीठ घालतात आणि मग खड्डा भरतात. आयुष्यभर जे लिंग गळ्यात होतं ते त्याच्याबरोबर जातं. त्यामुळे त्या जागेवर नांगर चालला म्हणजे नुसते दगड हलले असं आम्हाला वाटत नाही.

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका रानातली समाधी मी डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. काळ्या दगडाचा, चुन्याशिवाय रचलेला, कमरेएवढा चौथरा. वरच्या शिळेवर दोन पावलं कोरलेली, एका अंगाला चंद्र, एका अंगाला सूर्य. पावलांच्या खोबणीत पावसाचं पाणी साचून दगड तिथं पांढुरका झालेला. चौथऱ्याच्या सांध्यांतून तरवड उगवलेला. पूर्वेच्या बाजूला दिवा ठेवायचा कोनाडा आणि कोनाड्याच्या वर तेलाची काजळी, अजून बोटाला लागते अशी. नाव कुठंच नाही. आमच्या भागात मेलेल्याचं नाव दगडावर घालायची रीत नव्हती. ते घरातल्यांनी तोंडी पुढच्यांना सांगायचं असे. सांगणारी पिढी गेली की दगड मुका होतो. या एका गोष्टीमुळे आपल्या मसणवट्यांचं काम युरोप-अमेरिकेतल्या कबरस्तानांपेक्षा अवघड आहे. तिथं कोरलेलं नाव वाचून यादी करता येते. इथं अजून जिवंत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारूनच ती करावी लागेल, आणि त्याला फार वर्षं शिल्लक नाहीत.

आता कागदाचं बोलतो, कारण आपलं काम कागदावर चालतं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार सरकारी जमीन दहन-दफनासाठी राखून ठेवता येते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या पहिल्या अनुसूचीत दहन-दफनभूमींची देखभाल हे पंचायतीचं काम म्हणून सांगितलं आहे. खासगी सातबाऱ्यातही सोय आहे. पोटखराब दोन वर्गांचा असतो. वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, नापेर. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा, कुंभारांची जागा आणि दफन-दहनाची जागा, यांच्यासाठी आकारणीतून वगळलेलं क्षेत्र. २०१८ नंतर वर्ग ‘अ’ चं क्षेत्र लागवडीखाली आणून आकारणीत घेता येऊ लागलं. वर्ग ‘ब’ ला ती मोकळीक नाही. म्हणजे सातबाऱ्यावर ‘ब’ पोटखराबाचे दोन-चार गुंठे लिहिलेले असतील, तर तेवढी माती कायद्याने सुरक्षित आहे. एवढीशी नोंद, पण तिच्यात एका घराण्याच्या सात-आठ पिढ्या मावतात.

अडचण अशी की ही नोंद बहुतेक ठिकाणी झालीच नाही किंवा वाटेत गळाली. मराठवाड्याच्या जमिनीचा मूळ आधार म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक. त्याआधीची कागदपत्रं निजामाच्या राजवटीतली, उर्दूत आणि मोडीत. खासऱ्यातून सातबाऱ्यावर, हस्तलिखित सातबाऱ्यावरून संगणकावर, असे टप्पे होत गेले. प्रत्येक टप्प्यावर माणसाने नक्कल केली आणि नक्कल करणाऱ्याला दोन गुंठे ‘ब’ महत्त्वाचे वाटायचं काही कारण नव्हतं. लेखनप्रमाद दुरुस्त करायचा अधिकार महसूल संहितेच्या कलम १५५ ने महसूल अधिकाऱ्यांना दिलेला आहे. तो इथं वापरावा.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो, तक्रार म्हणून नव्हे, दाखला म्हणून. भावकीत वाटण्या झाल्या, समाध्यांचं रान एका हिश्श्याला गेलं, त्याने ते विकलं. विकत घेणाऱ्याने समाध्या राखल्या. अमावास्येला आम्ही नारळ घेऊन गेलो तर तो पाणी द्यायचा. त्याच्याकडून पुढे तिसऱ्याकडे गेलं. तिसरा गावचा नव्हता. त्याने एका उन्हाळ्यात रान सपाट केलं. आम्ही दाद मागायला गेलो त्या कार्यालयात सातबारा काढून समोर ठेवला गेला आणि विचारलं गेलं, यात समाधी कुठं लिहिली आहे ते दाखवा. दाखवायला काही नव्हतं. त्या कर्मचाऱ्याचं वागणं नियमाला धरूनच होतं, आणि म्हणूनच हे पत्र मी एका कार्यालयाला न लिहिता आपणा सगळ्यांना लिहितो आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ दफनाच्या जागेत आगळीक करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगतं, पण त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू किंवा त्या दुखावतील याची जाण सिद्ध व्हावी लागते. नोंदच नसेल तर जाण कुणाला होती हे कसं सिद्ध करणार?

मसणवट्यांची यादी ही नवी कल्पना नाही. याच मुलखात ती एकदा झालेली आहे, फक्त आपल्या माणसांची नव्हे. अंबाजोगाई निजामाच्या काळी मोमिनाबाद होतं आणि तिथं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झालं. पुढे १९४१ मध्ये हैदराबादला ओ. एस. क्रॉफ्टन यांनी निजामाच्या राज्यातल्या युरोपीय थडग्यांवरच्या आणि स्मारकांवरच्या लेखांची यादी पुस्तकरूपाने छापली, मेलेल्यांच्या चरित्रटिपांसह. १९७६ मध्ये लंडनला एक संस्था निघाली, दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरस्तानांची नोंद आणि निगा एवढ्यासाठीच. मला याचा हेवा वाटत नाही, आदर वाटतो. परमुलखात तापाने मेलेल्या विशीतल्या पोराचं नाव त्यांच्या लोकांनी गाळू दिलं नाही. त्याच गावाच्या शिवारात पिढ्यान् पिढ्या नांगर धरलेल्यांची एक ओळ आपण लिहिलेली नाही.

आणि आपल्या मातीत किती माणसं आहेत याचा अंदाज जुन्या खानेसुमारीवरूनही येतो. १८९१ मध्ये बीड जिल्ह्याची लोकसंख्या सहा लाख चाळीस हजारांच्या वर होती. १९०१ मध्ये ती पाच लाखांच्या आत आली. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ होता. काही लोक मुलूख सोडून गेले असतील, पण लोकसंख्येचा जवळपास चौथा हिस्सा दहा वर्षांत कमी होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पुढे प्लेग आला, १९१८ ला मानमोडीची साथ आली. अशा काळात सरण रचायला लाकूड कुठलं आणि रचायला माणसं कुठली? ज्यांच्यात दहन होतं त्यांनाही माती दिली गेली, मिळेल तिथं, गावापासून लांब. गावकरी आजही शिवारातल्या काही जागा नांगरत नाहीत, तिथं रात्री जात नाहीत, आणि का ते विचारलं तर ‘जागा बरी नाही’ म्हणतात. अशा जागा जाऊन बघायला हव्यात.

एका दुःखाबद्दल आपल्याकडे मोठ्याने बोलत नाहीत, पण त्याच्याविना ही यादी खरी होणार नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईआधी रझाकारांनी गावंच्या गावं छळली, आणि कारवाईनंतर निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार माणसं गेली असावीत, असा अंदाज नोंदवला. तो अहवाल दीर्घकाळ बंद कपाटात राहिला. त्यानंतर कितीतरी खेड्यांतली मुसलमान घरं तालुक्याच्या गावाला निघून गेली. मागे राहिलं कब्रस्तान. मोहरमची सवारी अजूनही हिंदू घरं उचलतात अशी गावं आपल्याकडे आहेत; त्या घरांना कब्रस्तानाची हद्द नेमकी ठाऊक असते. त्यांना विचारा. त्या जमिनी वक्फच्या दप्तरात आहेत की नाहीत, इनामाच्या होत्या की गावठाणाच्या, याचे दावे निराळ्या दारात चालतील, चालू द्या. माणसं पुरलेली आहेत ही नोंद मात्र कुठल्या दाव्याच्या निकालासाठी अडून राहू नये.

धरणांनी आणि रस्त्यांनी किती गेलं, ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात गावं गेली. पुनर्वसित गावठाणांना शाळा, रस्ता, स्मशानभूमी या नागरी सुविधा द्यायच्या असतात. पण नवी स्मशानभूमी मिळाली म्हणजे जुनीत असलेल्यांची सोय लागली असं होत नाही. दुष्काळात पाणी तळाला गेलं की जुन्या गावठाणाचे चौथरे उघडे पडतात आणि माणसं तिथं जाऊन फूल ठेवून येतात, पुढचा पाऊस येईपर्यंत. आता रेल्वे आली. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावू लागली, परळीपर्यंतचं काम पुढे सरकतं आहे, आणि २६१ किलोमीटरच्या या मार्गाची वाट आमच्या दोन पिढ्यांनी पाहिली. मला ती रेल्वे मनापासून हवी आहे. भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीत विहीर लिहितात, पाइपलाइन लिहितात, आंब्याची झाडं वयासकट लिहितात, कारण त्यांचा मोबदला ठरतो. त्याच पत्रकात समाधी आणि कबर यांचा एक रकाना घाला. मोबदल्यासाठी नको, पंचनामा व्हावा, घरच्यांना कळवलं जावं आणि हलवायचीच वेळ आली तर त्यांच्या रीतीने हलवता यावी, यासाठी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्या-त्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे दफनभूमी किंवा स्मशानभूमी द्यावी, असं सांगितलेलंच आहे. जिवंतांसाठी केलेला तो विचार आधी गेलेल्यांपर्यंत थोडा ताणला, एवढंच.

बाहेरचं एक उदाहरण आपल्या कामाचं आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सुरुवातीला वसायला आलेल्या कुटुंबांनी आपापल्या शेतांत माणसं पुरली आणि पुढे शेतं विकली, अगदी आमच्यासारखंच. तिथल्या कायद्यानं खासगी जमिनीतल्या कबरींपर्यंत जाण्या-येण्याचा हक्क ठेवला आहे. कुणाला विसरलेली दफनभूमी सापडली तर दहा दिवसांच्या आत जिल्हा पातळीवरच्या नोंदणी कारकुनाकडे कळवणं बंधनकारक आहे. जमीन विकली तरी ती जागा दफनभूमीच राहते. मालकाची मालकी जात नाही. त्याला तेवढ्या तुकड्यावर बांधकाम करता येत नाही, इतकंच. आपल्याकडे शेतरस्त्यांची आणि पाणंदींची मोहीम चालू आहे, महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात. वर्षातून दोनदा समाधीवर दिवा लावायला जाण्यासाठी पायवाट मिळाली, तर कुणाच्या पिकाचं नुकसान होत नाही.

काम कसं करावं, हे सांगायचा मला अधिकार नाही, पण साधनं आपल्या हाताशी आहेत हे दिसतं म्हणून लिहितो. चावडीवाचन आपण करता. सातबारे गावासमोर वाचून दाखवले जातात आणि चुका तिथंच सांगितल्या जातात. तसंच एक चावडीवाचन फक्त मसणवट्यांसाठी ठेवा. ग्राम महसूल अधिकाऱ्याने गट नंबर वाचावा आणि गावाने सांगावं, या गटात आमचे आहेत, लिंबाच्या झाडापासून दक्षिणेला. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घेता येतात. गावठाणाच्या ड्रोन मोजणीत घरांच्या सनदा झाल्या. त्याच नकाशांवर दफनाच्या जागाही दाखवता येतील. जुनं दप्तर वाचणारी माणसंही आता मिळतात. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती २०२३ मध्ये नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन मोडी-उर्दू कागद अभिलेखागारांतून बाहेर आले, वाचले गेले. जे वाचक तेव्हा नेमले त्यांनाच त्या कागदांत कब्रस्तान, मसणवटा, समाधी, मठ असे शब्द येतील तिथं खूण करायला सांगा. माणूस कुठल्या जातीचा होता हे शोधायला जे दप्तर उघडलं, त्यात तो पुरला कुठं हेही निघू शकतं.

सोबत वीरगळ आणि सतीशिळाही मोजून घ्या. गावाच्या वेशीत, मारुतीच्या पाराला टेकून, कधी न्हाणीच्या पायरीला लावलेल्या अशा शिळा आपल्या जिल्ह्यात खूप आहेत. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि बाजूला गुरं, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर. सतीशिळेवर बांगड्या भरलेला उभा हात. गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्या माणसाचं ते स्मारक आहे, राजाचं नव्हे. त्यांना शेंदराच्या जागी ऑइलपेंट लागतो, नक्षी भरून जाते. राज्य पुरातत्त्व विभागाचं संरक्षण मोठ्या देवळांना आणि लेण्यांना मिळतं. या सुट्या दगडांना निदान ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत जागा द्या.

एक शंका आपल्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. यादी करतो म्हटलं की उद्या कुणीही गायरानात रातोरात चौथरा बांधेल आणि पणजोबांची समाधी म्हणेल. असं घडतं, मी नाकारत नाही. पण हे घडतं ते यादी नसल्यामुळेच. एका तारखेला, गावासमोर, फोटोसह नोंद झाली, की त्यानंतर उगवलेल्या चौथऱ्याला आधार उरत नाही. यादीने खऱ्याचं रक्षण होईल आणि सरकारी जमिनीचंही.

दुसरं, आणि हे मी विनवून सांगतो: निधी आला तर आधी शेड बांधू नका. जनसुविधेच्या पैशातून स्मशानभूमीत पत्र्याची शेड, पेव्हर ब्लॉक आणि लोखंडी कमान उभी राहते. ठेकेदार जागा सपाट करून घेतो आणि सपाटीकरणात जुनेच दगड आधी जातात. दहनासाठी शेड लागते, पावसाळ्यात तिच्याविना हाल होतात, हे मला ठाऊक आहे. ती जुन्या समाध्यांपासून लांब बांधता येते. दफनभूमीला पहिली गरज चार कोपऱ्यांवर हद्दीच्या दगडांची आहे. भूमी अभिलेख विभागाने हद्दीची मोजणी विनाशुल्क करून द्यावी.

ज्यांना सातबाराच नाही, त्यांच्यासाठी वेगळा विचार लागेल. पारधी, मसणजोगी, वैदू यांच्या पालावर माणूस गेला की माती कुठं द्यायची, इथूनच भांडण सुरू होतं. त्यांच्या जुन्या जागा गायरानाच्या कडेला, ओढ्याकाठी असतात आणि अतिक्रमण काढताना सगळ्यात आधी त्याच जातात. महसूल संहितेच्या कलम २२ चा उपयोग करून त्यांना जागा राखून द्या आणि जिथं आधीच पुरलेलं आहे ती जागा त्यांच्या नावाने लिहा. ऊसतोडीला गेलेल्यांचंही असंच. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मागे म्हातारी माणसं आणि कुलूपबंद घरं राहतात. या महिन्यांत गावात जे मोजलं जातं, ठरवलं जातं, सपाट केलं जातं, त्यात त्यांचा शब्द नसतो.

म्हणून माझी मागणी तारखेसह आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेऊ नका. तेव्हा अर्धं गाव फडावर असतं. १ मेच्या ग्रामसभेत घ्या. तोवर बहुतेक कारखान्यांचं गाळप बंद झालेलं असतं, टोळ्या घरी आलेल्या असतात. याच सुमाराला अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायला माणसं आपापल्या जागी जातात, तेव्हा कोण कुठं जातं हे तेवढ्या दिवसांत गावाला नव्याने आठवलेलं असतं. त्याच आठवड्यात चावडीवर नोंद घ्या, मृग निघायच्या आत हद्दीचे दगड रोवा, आणि तोपर्यंत ज्या गटाबद्दल गावकऱ्याने लेखी कळवलं आहे तिथलं सपाटीकरण थांबवण्याचे आदेश तहसीलदारांना द्या. आदेशाची एक प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, ही विनंती.

आपला,
अंबाजोगाई तालुक्यातला एक शेतकरी